पडद्यावरील हेर आणि कागदाबाहेरची माणसे : बहिर्जी नाईकांच्या दूरचित्रवाणी-प्रतिमेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

मराठी दूरचित्रवाणीवर ऐतिहासिक मालिकांनी स्वतःचे असे स्थान निर्माण केले आहे. स्टार प्रवाह ही वाहिनी नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाली ती नितीन चंद्रकांत देसाई यांची निर्मिती असलेली ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका बरोबर घेऊनच. डॉ. अमोल कोल्हे यांनी साकारलेल्या महाराजांनी तेव्हा घराघरांत प्रवेश केला. पुढे झी मराठीवर २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ आणि २०१९ पासून सोनी मराठीवर ‘स्वराज्यजननी जिजामाता’ या मालिका आल्या. याच काळात दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) आणि ‘पावनखिंड’ (२०२२) या चित्रपटांनीही तोच प्रेक्षक मोठ्या पडद्याकडे वळविला. या सगळ्या दृश्यपरंपरेत महाराजांच्या खालोखाल प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिलेले एक पात्र म्हणजे स्वराज्याच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक.

बहिर्जी ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. ते इतिहासात होऊन गेलेले हेर आहेत. मात्र त्यांच्याविषयी विश्वसनीय साधनांत जे सापडते ते मोजक्या वाक्यांत संपते. आज महाविद्यालयाच्या वर्गात बहिर्जींचा विषय काढला, तर विद्यार्थी उत्साहाने बोलतात आणि ते जे सांगतात ते बहुतांशी पडद्यावरून आलेले असते. मोजकी वाक्ये आणि ही दाट प्रतिमा यांच्यामधली जागा मालिकेने कशाने भरली, आणि ती भरताना कोणती गोष्ट व कोणती माणसे दृष्टीआड झाली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न सिंधुदुर्ग जिल्ह्यातून विचारण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, बहिर्जींनी आणलेल्या ज्या बातमीचा सर्वांत स्पष्ट उल्लेख मिळतो, तिच्या परिणामांशी मालवणच्या समुद्रातील किल्ल्याचे नाते जोडले जाते. दुसरे असे की, आपले पूर्वज शिवकाळात हेरगिरी करीत असत, ही आठवण परंपरेने जपणारा लोककलावंतांचा समाज याच जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथे राहतो. पडद्यावरील हेराकडे या दोन ठिकाणांहून पाहिले असता त्याचे रूप काहीसे निराळे दिसते.

साधनांतील बहिर्जी

कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ मध्ये जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून आपली बखर लिहिली. स्वतः शिवकाळ पाहिलेल्या माणसाचे लेखन म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे. या बखरीत बहिर्जी ‘जासूद’ म्हणून दोन महत्त्वाच्या प्रसंगी येतात. पहिला प्रसंग सुरतेचा. सुरतेहून परतलेल्या बहिर्जींनी महाराजांना सांगितले की, या शहरावर चाल केल्यास अमाप द्रव्य हाती लागेल. दुसरा प्रसंग १६७९ मधील जालन्याच्या मोहिमेनंतरचा. लुटीने जड झालेले सैन्य मोगल फौजांच्या तावडीत सापडण्याचा धोका असताना बहिर्जींनी आडवाटेने सर्वांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविले. महाराजांनी तेथे विश्रांती घेतली आणि पुढे हा किल्ला विश्रामगड म्हणून ओळखला जाऊ लागला.

या दोन प्रसंगांत हेर नेमके काय करतो, हे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. पहिल्यात तो एका शहराचा अंदाज बांधतो. सुरत हे मोगल साम्राज्याचे पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर. वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग यांच्यासारखे विख्यात धनिक तेथे राहत. इंग्रज आणि डचांच्या वखारी तेथे होत्या. एवढ्या संपन्न शहराचे संरक्षण मात्र दुबळे होते. जानेवारी १६६४ मध्ये मराठी फौज येऊन थडकली, तेव्हा शहराचा अधिकारी इनायतखान नगरवासीयांना वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. संपत्ती कोठे आहे, ती राखणारे कोण आहेत आणि ते प्रसंगी उभे राहतील की पळतील, या तिन्ही गोष्टींचा अंदाज असल्याखेरीज स्वराज्याच्या सीमेपासून इतक्या दूरची मोहीम आखता आली नसती. दुसऱ्या प्रसंगात हेर डोंगरवाटांचा जाणकार म्हणून समोर येतो. दोन्ही ठिकाणी भर आहे तो ज्ञानावर. वेष, सोंग आणि तलवार या गोष्टींना या उल्लेखांत महत्त्व नाही.

सुरतेच्या मोहिमेनंतर दहा महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे ४८ एकरांच्या या जलदुर्गाच्या उभारणीस सुरतेच्या द्रव्याचा आधार मिळाला, असे इतिहासलेखनात सामान्यतः मांडले जाते. मालवणच्या धक्क्यावरून हा तट पाहताना एका जासुदाने आणलेली बातमी दगडात उतरलेली आपण पाहत आहोत, असे म्हणण्यास हरकत नाही. किल्ल्याच्या जागेची निवड हीदेखील माहितीचीच गोष्ट होती. पाण्याखाली दडलेले खडक, भरती-ओहोटीची वेळ, गलबताला वाट कोठे मिळेल आणि कोठे मिळणार नाही, हे सारे ठाऊक असणारी माणसे या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या मासेमारी करीत होती. दक्षिणेस गोव्यात पोर्तुगीज, उत्तरेस जंजिऱ्याचा सिद्दी, घाटावर आदिलशाही आणि शेजारी कुडाळचे सावंत अशा परिस्थितीत या माहितीचे मोल किती असेल, हे वेगळे सांगावयास नको.

हेरव्यवस्थेचा आणखी एक परिणाम परकीय साधनांत उमटलेला दिसतो. सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनी त्या काळात पाठविलेल्या पत्रव्यवहारात असा आशय येतो की, लोकवार्तेने शिवाजीला हवेचे शरीर आणि पंख बहाल केले आहेत, अन्यथा एकाच वेळी इतक्या ठिकाणी तो असल्याचे सांगितले जाणे शक्य नव्हते. राजा सर्वत्र आहे अशी शत्रूची समजूत होणे, हे बातमीच्या वेगाचे फळ होते. हा वेग एका माणसाचा नव्हता. त्यामागे अनेक अनाम माणसांची साखळी होती आणि बहिर्जी तिचे नाईक होते.

त्यांच्या जन्माची, रूपाची किंवा कुटुंबाची खात्रीशीर नोंद नाही. लोकपरंपरा त्यांना रामोशी समाजातील मानते. सांगली जिल्ह्यातील बाणूरगड अर्थात भूपाळगड येथे त्यांची समाधी दाखविली जाते.

पडद्यावरील बहिर्जी

खऱ्या हेराच्या जीवनावरील नाट्य हा जगभर रूढ असलेला प्रकार आहे. इस्रायली हेर एली कोहेन याच्या जीवनावरील ‘द स्पाय’ ही सहा भागांची मालिका २०१९ मध्ये आली. कोहेन याला मे १९६५ मध्ये दमास्कस येथे जाहीरपणे फाशी देण्यात आले. त्याची छायाचित्रे आहेत, पत्रे आहेत, खटल्याची कागदपत्रे आहेत. पकडला गेलेला हेर इतिहासाला सापडतो, हा या व्यवसायाचा विलक्षण न्याय आहे. बहिर्जी सापडले नाहीत, म्हणून त्यांचा कागद नाही. त्यांच्याविषयीची साधनांची शांतता ही इतिहासकाराला उणीव वाटली, तरी हेराच्या दृष्टीने तो त्याच्या कामगिरीचा पुरावा आहे.

मालिकेला मात्र ही शांतता परवडत नाही. आठवड्यातून पाच-सहा दिवस प्रसारित होणाऱ्या भागांना प्रसंग हवेत, चेहरा हवा आणि भाग संपताना उत्कंठा हवी. या गरजेतून बहिर्जींच्या चित्रणाचे तीन संकेत रूढ झालेले दिसतात.

पहिला संकेत वेषांतराचा. फकीर, गोसावी, वासुदेव, गोंधळी, भिकारी अशा रूपांत बहिर्जी शत्रूच्या गोटात वावरतात. प्रेक्षकाला नट ओळखता यावा आणि शत्रूला येऊ नये, अशी ही रचना असते. त्यामुळे सोंग शत्रूसाठी अपारदर्शक व प्रेक्षकासाठी पारदर्शक राहते. दक्षिण कोकणातील प्रेक्षकाला हा संकेत अपरिचित नाही. दशावतारातही सोंगामागचा नट गावाला ठाऊक असतो. फरक असा की, दशावतार रंगभूमीचा संकेत उघडपणे मान्य करतो, त्यामुळे त्याला कोणी पुरावा समजत नाही. मालिका मात्र वाडे, तट, शस्त्रे आणि पोशाख यांच्या तपशिलातून वास्तवाचा दावा करते. भागाच्या आरंभी कलात्मक स्वातंत्र्याची सूचना झळकली, तरी पुढच्या दृश्याच्या प्रभावापुढे ती टिकत नाही.

दुसरा संकेत एकट्या नायकाचा. बातमी काढणे, ती पोहोचविणे, संकटातून निसटणे आणि प्रसंगी लढणे ही सारी कामे एकच माणूस करतो. बाकीचे जासूद त्याच्या अवतीभवती सावलीसारखे राहतात. व्यवस्थेचे रूपांतर पराक्रमात होते.

तिसरा संकेत भाषेचा. ‘फत्तेशिकस्त’ची जाहिरात भारतातील पहिला ‘सर्जिकल स्ट्राइक’ अशा शब्दांत झाली होती. सतराव्या शतकातील जासुदाला आजच्या राष्ट्रीय सुरक्षेच्या शब्दकळेत बसविण्याची ही रीत मालिकांच्या प्रेक्षकालाही परिचित झाली आहे. तिच्यामुळे बहिर्जी आजच्या गुप्तहेर खात्यातील अधिकाऱ्यासारखे वाटू लागतात. त्यांच्या काळातील समाज, जातिव्यवस्था आणि व्यवसाय यांतून त्यांना बाजूला काढले जाते.

या चित्रणाचे श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल. ‘बहिर्जी नाईक’ या नावाचा मराठी चित्रपट १९४३ मध्येच येऊन गेला होता, तरी पुढील अनेक पिढ्यांसाठी हे नाव पाठ्यपुस्तकातील एका ओळीपुरते उरले होते. मालिकांनी ते पुन्हा जिवंत केले. स्वराज्याच्या उभारणीत सरदारघराण्यांबाहेरील माणसांच्या बुद्धीचा वाटा होता, ही जाणीव सामान्य प्रेक्षकाला झाली. ही कमाई लहान नाही.

नाटककाराला कल्पनेचे स्वातंत्र्य असते, हा आक्षेपही मान्य करावयास हवा. प्रस्तुत लेखकाची तक्रार कल्पनेविषयी नाही, कल्पनेने निवडलेल्या दिशेविषयी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तापस, व्यापारी, गृहस्थ अशा रूपांतील हेरांचे वर्णन आहे. वेषांतर ही आपल्याकडील जुनी गोष्ट आहे, हे त्यावरून दिसते. परंतु त्याच ग्रंथात असेही सांगितले आहे की, परस्परांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळली तर ती खरी मानावी. या एका नियमात केवढे नाट्य आहे! तीन माणसे, तीन वाटा, तीन वृत्तांत आणि त्यांपैकी एक न जुळणारा. बातमी खरी की पेरलेली, हे ठरविणाऱ्या माणसाच्या मनातील ताण कोणत्याही पाठलागापेक्षा कमी नाही. सुरतेच्या बाजारात उभे राहून पेढीवरील गर्दीवरून संपत्तीचा अंदाज कसा बांधत असतील, पहारेकऱ्यांच्या ढिलाईवरून अधिकाऱ्याचा स्वभाव कसा ओळखत असतील, याची कल्पना करण्यास कोणी अडविलेले नव्हते. मालिकेने दाढी-मिशा आणि झोळी यांची कल्पना केली. बहिर्जींच्या बुद्धीची करावयास हवी होती.

सोंग कोणाचे?

वेषांतराच्या संकेताला आणखी एक, अधिक गंभीर बाजू आहे. पडद्यावरील बहिर्जी ज्यांचे सोंग घेतात ते वासुदेव, गोंधळी, गोसावी हे केवळ पोशाख नव्हेत. ते समाज आहेत, आणि भटकंती ही त्यांची उपजीविका होती. प्रत्येक वासुदेवाच्या टोपीखाली कोणीतरी दुसराच असू शकतो, हे मालिकेत रंजक वाटते. गावोगाव फिरणाऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र हाच संशय वेगळ्या रूपाने आला.

१८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह इतरत्र वाढली. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरविणारा हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ज्या रामोशी समाजाशी लोकपरंपरा बहिर्जींचे नाते जोडते, तो आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. गावाची राखण, रात्रीची गस्त, वाटांची माहिती, चोराचा माग काढणे ही या समाजाची पारंपरिक कौशल्ये. स्वराज्याने अशाच कौशल्यांना मान दिला. परकीय सत्तेने ती बाळगणाऱ्यांवर संशयाचा शिक्का मारला. एकाच ज्ञानाचे हे दोन इतिहास आहेत. मालिका पहिला इतिहास साजरा करते आणि दुसऱ्याचा उच्चारही करीत नाही. बहिर्जींचा जयजयकार करणारा प्रेक्षक आपल्या दारी येणाऱ्या भटक्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न त्यामुळे अस्पर्श राहतो.

पिंगुळीची साक्ष

येथे पिंगुळीकडे वळणे आवश्यक ठरते. पिंगुळीचा ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या कलांसाठी ओळखला जातो. सावंतवाडी संस्थानाने या कलांना आश्रय दिला. गावोगाव व देवळोदेवळी फिरून कथा सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांनी शिवाजी महाराजांसाठी बातम्या आणण्याचे काम केले, अशी परंपरा या समाजात सांगितली जाते. ही परंपरा आहे, दस्तऐवज नव्हे, हा भेद अभ्यासकाने पाळलाच पाहिजे. तथापि फिरत्या कलावंताला कोणत्याही गावात प्रवेश होता, त्याच्यासमोर लोक मोकळेपणाने बोलत आणि त्याच्या येण्याजाण्याचे कोणास नवल वाटत नसे, हे लक्षात घेता ही परंपरा असंभवनीय म्हणता येत नाही.

या परंपरेत एक सूक्ष्म गोष्ट आहे. मालिकेतील हेर कलावंताचे सोंग घेतो. पिंगुळीच्या आठवणीतील हेर स्वतःच कलावंत आहे. त्याला वेष बदलावा लागत नाही. तो रामायण-महाभारताची चित्रे एकामागून एक पुढे धरतो, वीणा आणि हुडूक यांच्या साथीने कथा गातो, रात्र संपल्यावर पोथी बांधून पुढच्या गावी जातो. जाताना तो काय ऐकून गेला, हे कोणालाच कळत नाही. त्याची कला खरी असते आणि त्याची बातमीही खरी असते. हेरगिरीची ही कल्पना दूरचित्रवाणीच्या कल्पनेपेक्षा अधिक समजूतदार आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. चित्रकथी हीदेखील क्रमाने चित्रे दाखवीत कथा पुढे नेणारी कला आहे. त्या अर्थाने ती मालिकेची पूर्वजच म्हणावी लागेल. दूरचित्रवाणीने प्रेक्षकांच्या संध्याकाळी व्यापल्या, तसतसा गावातील फिरत्या कलांचा प्रेक्षक ओसरत गेला. हेराची कथा सांगणारे माध्यम आणि हेराची आठवण जपणारी कला यांचे असे विपरीत नाते आहे.

परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्याचे रूपांतर कलासंग्रहालयात केले. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या नावाने ते ओळखले जाते. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान यथोचित होता. परंतु याच समाजापुढे जात वैधता प्रमाणपत्राचा प्रश्न दीर्घकाळ उभा राहिला आहे. जुन्या नोंदी दाखवा, असे त्यांना सांगितले जाते. जो समाज आपल्या पूर्वजांच्या गुप्त कामगिरीची आठवण सांगतो, ज्याची विद्या मुखोद्गत आणि ज्याचे जीवन फिरते, त्याच्याकडे कागद असावा ही अपेक्षा प्रशासकीय दृष्ट्या समजण्यासारखी असली, तरी तिच्यातील विसंगती मनाला बोचल्याशिवाय राहत नाही. बहिर्जींचा कागद नाही, म्हणून मालिकेने त्यांना हवा तो चेहरा दिला. पिंगुळीच्या माणसांचा कागद नाही, म्हणून त्यांना स्वतःचा चेहरा सिद्ध करावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. समकालीन साधनांतील बहिर्जी हे माहितीचे संकलन करणारे व वाटांचे जाणकार म्हणून दिसतात. दूरचित्रवाणीने त्यांना मुख्यतः वेषांतरपटू व एकाकी पराक्रमी नायक म्हणून उभे केले.

२. हा बदल माध्यमाच्या गरजांतून घडला असला, तरी तो अपरिहार्य नव्हता. बातमीची पडताळणी, अंदाज आणि माणसांची साखळी यांतही नाट्य आहे. ते अद्याप पुरेसे वापरले गेलेले नाही.

३. वेषांतराच्या संकेतामुळे भटक्या समाजांचे जीवन मुखवटा म्हणून वापरले जाते आणि त्यांनी भोगलेल्या संशयाचा इतिहास झाकला जातो.

४. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मौखिक परंपरा या चित्रणाला पूरक व पर्यायी दृष्टी देऊ शकते. परंपरा आणि पुरावा यांतील भेद पाळून तिचे संकलन होणे गरजेचे आहे. हे काम जाणत्या पिढीच्या हयातीतच करावे लागेल.

अध्यापक म्हणून आपल्या हाती असलेली गोष्ट साधी आहे. मालिका पाहू नका, असे विद्यार्थ्यांना सांगून उपयोग नाही. त्यांनी ती अवश्य पाहावी, त्यानंतर सभासदाची ती मोजकी वाक्ये वाचावीत, आणि मग कुडाळहून पिंगुळीला जाऊन चित्रकथीची एक रात्र ऐकावी. या तिन्ही बातम्या कोठे जुळतात आणि कोठे जुळत नाहीत, हे ज्याला नीट सांगता येईल, त्या विद्यार्थ्याला बहिर्जींचे काम समजले, असे खुशाल मानावे.